पोटरीवरचे छप्पन्न

—तो नाही गं, तो माझा. मार्नीचा तो पलीकडचा, पंख्याच्या बाजूचा. दोन्ही सारखेच दिसतात, एकाच दिवशी घेतले होते आम्ही. पण तिच्या सायकल-स्टँडचा एक पाय डुगडुगतो — बघ, खाली पुठ्ठा घातलाय घडी करून. तो पुठ्ठाही ने, नाहीतर म्हणेल डार्लीनने पुठ्ठा ठेवून घेतला. अगं, उचलू नकोस अशी एकदम, कंबर धरेल! आधी तो चाक आवळायचा खटका सोडवावा लागतो, आणि तो बसलाय गंजून. आठ महिने कुणी हात लावलेला नाही त्याला. तेल सोडते मी त्यावर, पाच-दहा मिनिटं मुरू दे, मग सुटेल. तोवर बस. त्या खोक्यावर बस गं, काही होत नाही त्याला. मीही टेकते, उभं राहिलं की खुब्यात ओढ बसते. काय नाव म्हणालीस? ब्रिन. कॅल्गरीची. आणि मार्नीबरोबर सायकल चालवतेस. आठवड्यातून तीनदा? — चारदा! बरंय की. छान आहे. मला काय.

स्वतः नाही आली ती. नाही, मी आपलं म्हणतेय. तीन गल्ल्या सोडून राहते, पण अकरा हिवाळे ज्या गॅरेजमध्ये घाम गाळला तिथलं सामान न्यायला पाठवलं कुणाला, तर तुला. तुझा दोष नाही गं, तू कशाला ओशाळतेस? इथे स्टँडवर सायकली चढवून जागच्या जागी मारत बसायचो आम्ही, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत हा एक पंखा दोघींना. तिला सारखं उकडायचं म्हणून पंखा तिच्याकडे. मी कधी तक्रार केली? आणि तलावात पोहायला शिकवलं तिनेच मला, हेही खरंय, ते मी नाकारत नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी! तळ दिसेनासा झाला की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. मी उजवीकडे तोंड करून श्वास घेते, म्हणून ती कायम माझ्या उजवीकडून पोहायची. दर वेळी तोंड बाहेर काढलं की तिची ती भयंकर नारिंगी टोपी दिसलीच पाहिजे. अकरा वर्षं. आता बहुतेक तुझ्या बाजूने पोहत असेल. तू कुठल्या बाजूने श्वास घेतेस? — दोन्ही बाजूंनी! मग झालंच.

काय विचारत होतीस? हां, खुबा. बरा आहे म्हणे. म्हणे! ज्याला त्याला विचारावं तर 'छान प्रगती आहे'. तूही पळतेस ना, म्हणून तुला सांगते. इंग्रिड आहे ना, माझी फिजिओ, तिने मार्चमध्ये मला एक कागद दिला. एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला. असं पाच वेळा. एक मिनिट! अगं, एका मिनिटात माझा श्वाससुद्धा ताळ्यावर येत नाही, तोवर ते घड्याळ पीं-पीं करतं, की झालं, चाला. समोरच्या घरातले आजोबा आहेत, ब्याऐंशी वर्षांचे, ते चाकांचा वॉकर ढकलत फिरायला निघतात. त्यांनी मला मागे टाकलं. माझी ती चार मिनिटं चालू होती आणि ते आले मागून, गेले पुढे, आणि वर हात करून म्हणतात काय, 'शाब्बास, चालू दे!' अंगाची लाही लाही झाली माझ्या. तरणतलावात जावं, तर ती शिट्टीवाली पोरगी अगदी गोड बोलून सांगते, मॅडम, पलीकडची लेन मोकळी आहे. पलीकडची म्हंजे कुठली? कमरेला पट्टे बांधून बायका पाण्यात चालतात आणि सुनांबद्दल बोलतात, ती! आणि वॉरन, आमचे हे, म्हणतात, बागकाम कर. बागकाम! म्हटलं, स्क्रू माझ्या खुब्यात घातलेत तीन, डोक्यातले नाही काढलेत कुणी. सगळे एकच पालुपद लावतात — शरीराचं ऐक, शरीराचं ऐक. ऐकते ना! दिवसभर तेच ऐकते, दुसरं काय आहे मला?

नाव दिलंय मी. ऑगस्टच्या शर्यतीला. पोहणं, सायकल, पळणं, तिन्ही. वॉरनला ठाऊक नाही, तू बोलू नकोस कुठे. इंग्रिडलाही नाही. आणि परवा शुक्रवारी मी एक मिनिट नाही पळले, अकरा मिनिटं पळले, सलग. काय बरं वाटलं सांगू, रडूच आलं मला, भर रस्त्यात. शनिवारी जिना बसून उतरले, एकेक पायरी, हे वेगळं. वॉरनला सांगितलं, चप्पल सरकली.

लोक बोलतात ना? तुमच्या त्या शनिवारच्या कॉफीला बोलत असतील. मला ठाऊक आहे काय बोलतात. गेल्या ऑगस्टच्या शर्यतीत मार्नी कडेला पडली होती आणि डार्लीन बघून पुढे गेली. तुलाही असंच सांगितलं असेल कुणीतरी. मार्नीने नाही? नाही, ती बोलायची नाही, ती कधी कुणाबद्दल बोलत नाही, तोच तर वैताग आहे तिचा! तर ऐक, मला ती दिसलीच नाही. तेहतिसावा किलोमीटर, पीचच्या बागा संपतात तिथलं वळण. ऊन मी म्हणत होतं, डोळ्यांत घाम आणि त्यात ते उन्हाचं मलम उतरलेलं, आंधळ्यासारखी पळत होते मी. आणि माझं लक्ष होतं पुढे. पुढे छप्पन्न होतं.

तू पूर्ण अंतर केलंयस का कधी? अर्धं. मग पोटरीचं तुला सांगायला नको. पहाटे त्या बाई जाड काळं मार्कर घेऊन बसतात आणि आपण निमूट पोटरी पुढे करतो, की लिहा, लिहा माझं वय. एरवी कुणी वय विचारलं तर आपण तोंड वाकडं करू! आणि मग दिवसभर काय करायचं? पुढच्या बाईच्या पोटऱ्या वाचत पळायचं. चव्वेचाळीस — जा बाई, तुझं माझं काही भांडण नाही. एकसष्ट — जा, सुखाने जा, मी टाळ्या वाजवते. पण पंचावन्न ते एकोणसाठ दिसलं, की पाय आपोआप उचलतात. आमचा गट तो. मी सत्तावन्न, मार्नी एकोणसाठ. आणि आमच्या गटातून वर्ल्डला, जागतिक शर्यतीला, जायची जागा एक. एकच! तिसाव्या किलोमीटरला वॉरन ओरडले, 'दुसरी आहेस तू, पहिली चार मिनिटं पुढे!' आणि तीन किलोमीटरनंतर माझ्या डोळ्यांसमोर ही पोटरी, डाव्या पायाची, ठसठशीत काळं छप्पन्न. उजव्या पोटरीला ती निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. म्हटलं, पोटरी धरलीय हिची, ही आता पडणार मागे, ही माझी. तू काय केलं असतंस? खरं सांग. — हं. सगळ्या हेच म्हणतात.

आणि पडत नव्हती गं ती मागे! मी जोर लावला की ती आपली तेवढीच पुढे. हरणासारखी पळत होती. एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारून कुणी असं पळतं? तेव्हाच कळायला हवं होतं मला. खुबा तर जूनपासून दुखत होता — हो, जूनपासून, नको सांगूस कुणाला. गोळ्या घेऊन गप्प होते, डॉक्टरकडे गेलं की बसवतात घरी. सदतिसाव्याला आत काहीतरी कट्‌कन झालं. मला ऐकू आलं. तरी पाच किलोमीटर गेले, एका पायावर उड्या मारत, कुंपण धरत, शेवटी अंतिम रेषा ओलांडली आणि आडवी झाले. चौथी आले. आणि दवाखान्यात फोनवर निकाल बघितला, तर गटात छप्पन्न वर्षांची कुणी नाहीच! मग तिचा नंबर आठवून शोधला. केलोना गावचा संघ होता, तिघींचा — एक पोहली, एकीने सायकल मारली, आणि ही बया फक्त पळायला आली होती! ताजीतवानी, दुपारचं जेवून! संघवाल्यांच्या दुसऱ्या पोटरीवर अक्षर काढतात ना, ते त्या निळ्या पट्टीखाली. तिच्याशी माझी शर्यतच नव्हती. जिच्याशी माझा काडीचा संबंध नाही, तिच्यामागे मी खुबा मोडून घेतला. हसावंसं वाटतंय ना? हस. वॉरन पण हसले, आधी.

मार्नीला मी काय मदत करणार होते, तूच सांग. दर दोन किलोमीटरवर पाणी देणारे लोक असतात, गाडी असते, डॉक्टर असतात. शर्यतीत कुणी कुणासाठी थांबत नाही. आणि चूक कुणाची होती? हजारदा सांगितलं होतं, एवढ्या उन्हात नुसतं पाणी नको पिऊस, मीठ घे, गोळ्या घे. ऐकेल तर शपथ! मग पडणारच ओठ पांढरेफटक. मग बसणारच माणूस असं, एक बूट काढून मांडीवर घेऊन, जसं काही तो बूट कुणाचं तान्हं बाळ आहे —

काय? काय बघतेस अशी? बुटाचं? — बुटाचं सांगितलं असेल कुणीतरी. मार्नीने सांगितलं. बरं, मार्नीने नाही, मग त्या एडमंटनच्या बाईने, जी थांबली तिच्याजवळ. नाही, मी तिला कुठे भेटले, ती बाई तर — छे! तेल मुरलं असेल बघ. फिरव तो खटका. डावीकडे. जोर लाव.

राहू दे. बस जरा. बस.

दिसली होती ती. दिसली म्हंजे काय, तिने हाक मारली मला. 'डार' म्हणते ती मला, दुसरं कुणी म्हणत नाही. मोठ्याने नाही, अशी, जशी दुसऱ्या खोलीतून मारतो. मी बघितलं. डोळ्याला डोळा भिडला आमचा. आणि मी काय केलं ठाऊक आहे? हात वर केला. बाजारात रस्त्यापलीकडून कुणी ओळखीचं दिसलं तर करतो ना, तस्सा. आणि पळत राहिले. छप्पन्न चालली होती ना पुढे! ती एडमंटनची बाई माझ्या मागून येत होती, पहिलीच शर्यत तिची, तिला मार्नीचं नावही ठाऊक नव्हतं. ती थांबली. चाळीस मिनिटं बसली रस्त्यावर तिचं डोकं मांडीवर घेऊन, गाडी येईपर्यंत. तिची शर्यत पुरी करायची मुदत संपली, पदक नाही मिळालं. आणि मी चौथी आले.

ते पण एक वेळ — शर्यतीत माणूस वेड्यासारखं वागतं, मार्नीलाही ठाऊक आहे ते, ती बारा वेळा पळालीय. ते तिने सोडून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली ती माझ्या खोलीत. दोन खोल्या सोडून होती ना, त्या सलाइनच्या खांबाला धरून आली, हळूहळू, गोगलगायीसारखी. बसली. माझा हात हातात घेतला. आणि एवढंच विचारलं, 'डार, तू मला पाहिलंस ना?' रागाने नाही. जसं काही आपल्याला भास तर नाही झाला ना, एवढंच विचारावं. आणि मी म्हटलं, 'नाही गं! कुठे होतीस तू?' तिच्या तोंडावर. हात तिच्या हातात असताना. ती म्हणाली, 'बरं.' आणि खांब ढकलत गेली. आठ महिने झाले त्या 'बरं'ला.

का म्हटलं, मला विचारू नकोस. मीच मला रोज विचारते, त्या चार-चार मिनिटांत चालताना दुसरं करायला काय असतं? पळताना काही आठवत नाही गं. पळायला मिळालं असतं ना पूर्वीसारखं, दोन-दोन तास, तर मी विसरून गेले असते. पण ही एक मिनिट पळा आणि चार मिनिटं चाला! चार मिनिटं फार असतात. म्हणून मला लवकर बरं व्हायचंय, कळलं? ते वर्ल्ड-बिर्ल्ड गेलं खड्ड्यात.

तिला नको सांगूस यातलं काही. माझं मी सांगणार आहे. जाऊन सांगितलं असतं, पण तिच्या घराचा तो चढ मला अजून झेपत नाही. हसू नकोस, खरंच झेपत नाही. फोनवर बोलायची गोष्ट नाही ही. पण आज तुझ्याऐवजी ती आली असती ना, तर इथेच, या पंख्यासमोर, एका वाक्यात सांगून मोकळी झाले असते. पाहिलं होतं मी तुला, मार्नी. बस, एवढंच तर म्हणायचंय. त्यात काय अवघड आहे? सुटला बघ खटका! सुटला की नाही? आता आडवा धर आणि — काय?

कुठे?

वॉरनच्या ट्रकमागे? मगापासून? अगं, मग आधी सांगायचं नाही का! — बोलू दिलं नाही? मी बोलू दिलं नाही? एवढं मोठं तोंड आहे ना तुला? अर्धा तास मार्नी गाडीत बसलीय, या उन्हात, आणि मी इथे — नाही, बोलवू नकोस. हात नको करूस! म्हंजे बोलव, पण आत्ता नको. माझी अवस्था बघ, केससुद्धा विंचरलेले नाहीत. तिला म्हणावं, पुढच्या आठवड्यात — अगं, दार उघडलं तिने गाडीचं. उतरली ती. वाळलीय किती. ती इकडेच येतेय.

घे तो स्टँड. उचल, उचल लवकर, पुठ्ठा राहिला तर राहू दे. हो गं, दिसतंय मला, हात करतेय ती, दिसतंय. तू नीघ आता. डोकं सांभाळ, बटण दाबलंय मी, गॅरेजचं दार खाली येतंय.