हिलालच्या बोलण्याची चौकशी

—अडखळतो? आमचा हिलाल? कोण म्हणालं? हलू नका पाव्हणे, वस्तरा गळ्यावर शे! मुलगी द्यायची म्हणून चौकशीला अमळनेरहून आलात ना— मग बरोब्बर जागी बसलात. गावात टीव्ही आला तरी बठ्ठं गाव या तोतारामच्याच खुर्चीत तोंड उघडतं. म्हणजे तोंड मी उघडतो, गाव फेस लावून ऐकतं. तर हिलाल मुळीच अडखळत नाही. थोडा थांबतो. 'प'वर जरा जास्त थांबतो. एकदा धुळ्याच्या स्टँडवर पिंपळगावचं तिकीट मागत होता— 'पिं... पिं...'— खिडकीवरच्याला घाई, त्यानं पिंपळनेरचं फाडलं. आता हा भिडस्त! नाही कसं म्हणायचं? गेला पिंपळनेरला! तिथे कुणाच्या तरी लग्नात जेवला, आहेराची टोपी घालून परत आला. हसू नका, कापेल!

तेव्हापासून मात्र त्यानं मनावर घेतलं. एवढा बाप्या माणूस, आणि रोज गोठ्यात भाषण— बैलांपुढे! का? बैल मध्येच आपलं वाक्य पुरं करून टाकत नाहीत. मग गडी असा तयार झाला, की थेट दूध सोसायटीच्या सभेत उभा— दोन्ही बैल घेऊन! पहिल्या रांगेत बैल! चेअरमन खवळला— हे काय दूध देतात का, काढा बाहेर. हिलाल काय म्हणाला? 'चे-चे-चेअरमनसाहेब, दूध तर तुम्हीपण देत नाही!' सभा लोळली. डावा बैल हसला— या डोळ्यांनी पाहिलं! म्हणजे अडखळला, पण बोलला ना? ...अरेच्चा. अडखळला म्हणालो का मी? तसं नव्हे— बसा हो, उठू नका, एक गाल राहिलाय—

हा बघा, आलाच दारात! ये हिलाल, हे तुझ्या— हे सुनंदाचे वडील. हा म्हणतोय रामराम. म्हणजे म्हणणारच होता. आणि त्याला म्हणायचंय, की मुलगी त्याला पसंत— नाही, आधी शेतीचं सांगतो म्हणतोय—

काय?

ऐकलंत, पाव्हणे? 'त-त-तात्या, तू च-चूप ऱ्हाय, मीच सांगस!' मला! या दुकानात मला आजवर कुणाची टाप— बरं. बरं बाबा. हा घ्या टॉवेल, पाव्हणे, फेसासकट ऐका. कितीही वेळ लागू दे. बोल रे, हिलाल. हा मिटला वस्तरा, आणि हा मी—