लग्न राजधानीतच होईल

हॅलो? बेनिन प्रजासत्ताकाची राजधानी बोलते आहे!… राजधानी!… अगं, ठेवू नकोस, राँग नंबर नाही. मी होउएफा, तुझी बहीण… हो, पोर्तो-नोव्होहून. आणखी कुठून बोलणार?

प्यायले नाही गं!… बरं, घोटभर. आज हक्कच आहे माझा… ऐक ना, आफियावी! भावाच्या सेनामीचं लग्न इथंच, आपल्या अंगणात… हो, हो, इथं! आई खाटेवरून बघणार नातीचं लग्न!

कसं म्हणजे? मुलाचा तो काका आठवतो ना, कस्टममधून निवृत्त झालेला… तोच, पोट पुढं आणि आवाज त्याच्याही पुढं. मागणीच्या पत्रात त्यानंच लिहिलं होतं, ‘विवाह देशाच्या राजधानीतच होईल.’ खाली सही, शिक्का… अगं, त्याच्या मनात तुमचं कोटोनूच, सगळे त्यालाच राजधानी समजतात ना!… हो, मी ‘मान्य’ म्हणून कळवलं. आणि तू महिनाभर मला शिव्या घातल्यास, की मोडक्या कमरेच्या आईला मागं टाकून निघाली लग्नाला… सांगितलं असतं, पण तुझ्या पोटात काही राहतं का? संध्याकाळपर्यंत कोटोनूभर झालं असतं.

तर आज मुलाकडचे आले वाजतगाजत. कापडं, दारूच्या बाटल्या, मानाची कोलाची फळं, सगळं माझ्यापुढं मांडलं. मी हातच लावेना… मग? आत्यानं कोला उचलल्याशिवाय मुलगी कधी बाहेर आली आहे का? म्हटलं, आधी तुमचं पत्र वाचा. काकानं वाचलं, चांगली छाती फुगवून. मग मी हाक मारली, सेनामी, तू मास्तरीण ना, आतूनच वाच मोठ्यानं… काय म्हणजे? राज्यघटना! पहिलंच कलम. ‘बेनिन प्रजासत्ताकाची राजधानी पोर्तो-नोव्हो आहे.’

सगळ्यांच्या माना वळल्या काकाकडं… तो? तो म्हणतो, मंत्री कोटोनूत, विमानतळ कोटोनूत, राष्ट्राध्यक्षसुद्धा कोटोनूत! मी म्हटलं, मग ते येणार आहेत का लग्नाला?… अगं, पहिली हसली ती मुलाची आजीच! म्हणाली, ‘सही तुझीच ना? मग बस खाली.’… बसला की! न बसून करतो काय.

आई? सगळं ऐकत होती खाटेवरून. मला म्हणते कशी, ‘भूगोलात नापास व्हायचीस, तेवढं एक तरी लक्षात राहिलं’… रडली ना. मीही थोडी रडले… तू कशाला रडतेस आता?

तीनशे माणसं म्हणतात… येऊ देत! अख्खं कोटोनू येऊ दे एकदा राजधानी बघायला!… थांब, थांब, ठेवू नकोस. उद्या तुमच्या कोटोनूतल्या दान्तोक्पाच्या बाजारात जाशील ना? आईच्या झग्यासाठी जांभळा दोरा आण… इथं चार दुकानं हिंडले गं, नाहीच मिळत… हसतेस काय! जांभळा. एकच रीळ.