लिडियाच्या तळाचं लाकूड

मी दत्ताराम मेस्त्री, मूळचा विजयदुर्गच्या खाडीकाठचा. आमच्या घरात चार पिढ्या होड्याच बांधल्या, दुसरं काय येतच नव्हतं कुणाला. बाप कागदावर रेघ मारायचा नाय, ऐनाचं वाकडं खोड बघायचा आणि बोलायचा ह्याच्यात मचव्याची नाळ हाय, पुढचं टोक, आणि असायची. मला चौथीतून काढलं आणि लाकूड तासायचा वाकस हातात दिला. पहिलं काय शिकवलं तर लाकडावर मोगरी, म्हंजे लाकडी हातोडा, मारायची आणि ऐकायचं. चांगलं लाकूड टणटण बोलतं, आतून गेलेलं भद्द करतं. मग फायबरच्या होड्या आल्या, बाप गेला, आणि मी मुंबईत कारखान्यात तीस वर्षं कपाटं ठोकली. काय सांगू तुम्हाला, कपाटात कुणाचा जीव नसतो, चुकलं तर दार लागत नाय, एवढंच.

बायको वारली तेव्हा माझी मुलगी सुलभा इथं पार्सिपनीला होती, जावई कॉम्प्युटरमधले. तिनं पेपर करून मला आणलं दोन हजार एकमध्ये. दिवसभर घरात मी आणि तो फ्रिज, तो घूं करायचा, मी गप्प. जावयांच्या ऑफिसातला एक गोरा माणूस होता, त्याची लाकडी होडी होती, तो एका शनिवारी मला दोन तासांवर समुद्रकाठी एका यार्डात घेऊन गेला. तिथं एक जण पाणी आत येऊ नये म्हणून फळ्यांच्या सांधीत कापूस ठोकत होता, आणि असा ठोकत होता की फळीच फुटेल. मला राहवलं नाय. त्याच्या हातातली मोगरी घेतली आणि हातभर सांध भरून दाखवली. यार्डाचा मुकादम ग्रेग मागं उभा होता. पुढच्या सोमवारी मला कामावर घेतलं, वरच्या खोलीत राहायचं, शनिवारी सुलभाकडं. माझं नाव त्यांनी डॅट केलं. इंग्रजी मला नट, बोल्ट, प्लँक एवढंच.

तिसऱ्या वर्षी लिडिया आली. ट्रेलरवरून आली तर रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. लांब, बारीक, पोट आत गेलेली, आमच्याकडं असली होडी कुणी बांधणार नाय, ना मासे भरायला जागा, ना माल. फक्त पळायला बांधलेली. मी तिच्याकडं बघितलं आणि काय सांगू, मला ती आवडली आणि नको पण वाटली.

तिची सगळी हकीकत मला वॉल्टरनं सांगितली. वॉल्टर म्हंजे यार्डातला म्हातारा रंगारी, पंचाहत्तरीचा, माझ्यासारखाच डबा घेऊन ओंडक्यावर बसायचा. तो हळूहळू बोलायचा, हातवारे करायचा, म्हणून त्याचं मला कळायचं. पहिलं महायुद्ध संपल्यावर एका गिरणीवाल्यानं लिडिया शर्यतीसाठी बांधून घेतली होती, आणि ती जिंकायची, नुसती जिंकायची. वॉल्टरचा बाप नॉर्वेचा, तिच्यावर नाळेवरचा खलाशी, पगारी. वॉल्टर सहा वर्षांचा असताना एका शर्यतीत वारा वाढला, बाप नाळेवरून पाण्यात गेला. मालक सुकाणूवर होता. वळला नाय. दुसरी होडी मागं होती, वळला असता तर ती पुढं गेली असती. लिडिया पहिली आली. वॉल्टरची आई धक्क्यावर उभी होती, ती माणसं मोजत होती, एक कमी.

मी विचारलं, मग? वॉल्टर बोलला, मग त्यांना कप मिळाला.

मंदी चालूच होती, पुढं गिरणी पण गेली, लिडिया ह्या हातातून त्या हातात. दुसऱ्या युद्धात तळाला वजनासाठी लावलेलं शिसं कापून नेलं गोळ्यांसाठी, आणि नंतर कुणीतरी लोखंड लावलं, तळात सिमेंट ओतलं आणि चिखलात घर करून राहिलं. आता जो मालक होता तो सभ्य माणूस होता हां, मला नावानं हाक मारायचा, पण त्याला येत्या उन्हाळ्यात जुन्या होड्यांच्या शर्यतीत उतरायचंच होतं, पाहुण्यांना बोलावून झालं होतं.

मी फळ्या बसवत होतो. आत वाकलो असताना डोलकाठीचा पाय जिथं टेकतो तिथं सहज मोगरी मारली. भद्द. परत मारली, हातभर पुढं, हातभर मागं. भद्द, भद्द. तुम्हाला कळलं ना, तळातलं लांब लाकूड, आमी पठाण म्हणतो, ते होडीचा कणा असतं, आणि डोलकाठी सगळा भार तिथंच देते. वरून सिमेंट, आत काय ते कुणी बघितलंच नव्हतं.

ग्रेगला नेलं, म्हटलं बॅड, व्हेरी बॅड. तो बोलला, डॅट, इन्स्पेक्टरनं बघून सही केली हाय, तू फळ्यांचा माणूस, फळ्या बघ. मी मुंबईची सवय असलेला माणूस, मुकादम बोलला की मान हलवायची. सुलभाला फोन केला. ती म्हणाली, बाबा, त्यांचे एक्सपर्ट असतात, तुम्ही कशाला टेन्शन घेता, इग्नोर करा.

मग मी वॉल्टरला आणलं. पटाशीनं सिमेंटचा टवका काढला आणि त्यानं आत हात घातला. बाहेर काढला तर मुठीत काळा ओला भुगा, चहाचा चोथा असतो ना तसा. वॉल्टरनं तो फडक्यात बांधला आणि थेट मालकापुढं ठेवला. मालकानं बघितलं, ग्रेगकडं बघितलं. ग्रेग बोलला, एक शर्यत निघेल, हिवाळ्यात सगळं काढू. मालक बोलला, ठीक हाय.

आणि मी काय केलं? मी राहिलेल्या फळ्या बसवल्या. शेवटची फळी मीच ठोकली.

शर्यतीच्या दिवशी बघतो तर वॉल्टर लिडियावर चढतोय, मालकानंच बोलावलेलं, जुन्या खलाशाचा मुलगा म्हणून. मी त्याचा दंड धरला. म्हटलं नो, वॉल्टर, नो. तो बोलला, डॅट, तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. त्यांच्यात एक तरी माणूस असा पाहिजे जो वळा म्हणून ओरडेल. आणि त्यानं माझा हात सोडवला, हळू, रागानं नाय.

आमी यार्डाच्या मोटरबोटीतून मागं होतो. सकाळ चांगली होती. दुपारी वारा नैर्ऋत्येला फिरला आणि पाणी काळं झालं. लिडिया अशी कलली, सगळे टाळ्या वाजवत होते, मी डोलकाठीकडं बघत होतो. तिचा वरचा शेंडा थोडा खाली आल्यासारखा वाटला. एखादा माणूस उभ्या उभ्या गुडघ्यात बसतो तसा. दोरखंड सैल पडले. मी ओरडलो, मराठीतच ओरडलो.

नंतर वरच्यांनी सांगितलं. वॉल्टर टॉर्च घेऊन खाली डोलकाठीच्या पायाशी जाऊन बसला होता. लाकूड खचायला लागलं तसा तो खालून ओरडला, शिडं सोडा, वळवा, वळवा. मालकानं ह्या वेळी वळवलं. लगेच वळवलं, ते त्याचं मला सांगायलाच पाहिजे. पण डोलकाठी तळ फोडून आरपार गेली आणि पाणी आलं. वरची सात माणसं आमी ओढून घेतली. मी मोजली, परत मोजली. वॉल्टर दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांना सापडला.

चौकशी झाली. मला दुभाष्या दिला, तो हिंदीवाला. घरी सुलभा सांगत होती, बाबा, कमी बोला, प्लीज. ग्रेगनं सांगितलं, ह्याला इंग्रजी येत नाय, हा काय बोलला ते आमाला समजलंच नाय. मी टेबलावर मोगरीसारखी मूठ मारली आणि तोंडानं भद्द केलं, आणि दुभाष्याला म्हटलं, हे कुठल्या भाषेत समजत नाय ते विचार त्यांना. मग त्या बाईंनी, ज्या चौकशी करत होत्या, मला विचारलं, एवढं माहीत होतं तर तुम्ही काम का थांबवलं नाय? ग्रेगचं काम गेलं. मी आपणहून सोडलं.

आता इथंच असतो. नात विचारते, आजोबा, व्हाय आर यू सॅड? मी म्हणतो, नॉट सॅड. आपल्या लोकांना देव्हारे करून देतो बेसमेंटमध्ये, तुमच्या घरी पाहिजे तर सांगा.

गेल्या महिन्यात उत्तरेकडच्या एका यार्डातून पत्र आलं. लिडिया वर काढली हाय. नवीन मालक, परत शर्यतीत उतरवायची हाय, आणि तिच्या फळ्या माझ्या हातच्या, म्हणून मी यावं. सुलभानं वाचून दाखवलं आणि घडी करून फ्रिजवर ठेवलं. ती म्हणते नको. मी तिच्याकडूनच उत्तर लिहून घेतलं, येतो, पण पहिल्या दिवशी पठाण काढणार, आणि तो नवीन होईपर्यंत एकही फळी लावणार नाय, कुणीही सांगितलं तरी.

तीन आठवडे झाले, त्यांचं काय आलं नाय. होडी तिथं उभी हाय, कुणीतरी तिच्यावर काम करतच असेल, तुम्हाला सांगतो, हे मला रोज जेवताना आठवतं. तुम्ही पण इंजिनीअर, पूल की काय ते बांधता. देव तुमच्या हाताला यश देवो. आणि वरची माणसं तुमचं ऐकणारी मिळोत, नायतर तुम्ही तरी माझ्यासारखे मान हलवू नका.