शरणबसप्पा काय शिकतो

न्हाय न्हाय, अमीनसाब, वकिलीच. वकिली शिकतोय माझा शरणबसप्पा, हैदराबादच्या कालेजात. मालकांनी डाक्टरकी सांगितली? कवा, दुकानात गाठलंत तवा? — आता त्यांचं काय, दिवसभर गिऱ्हाइकाला कापड फाडून द्यायचं, पोराचं कुठलं ध्यानात ऱ्हातंय. आन दीर आमचे, शिवलिंगप्पा, ते इंजनेरी म्हणाले? म्हणू द्या. तिघांनी तीन सांगितलं म्हणून पोरगं गुन्हेगार ठरतं व्हय? बसा. दूध ठिवलंय पुढ्यात, घ्या. पोलीस असलात तरी दारी आल्यालं माणूस हाय तुम्ही.

आवो, तिथलं कालेज म्हंजे आपल्या नळदुर्गची शाळा न्हाय, एक मास्तर न एक छडी. तिथं एकेका इल्माची एकेक इमारत, शरणूनंच सांगितलं मला चुलीपुढं बसून — इथं हाडं शिकवतात, तिथं तारे, पलीकडं माती न बियाणं, आन सगळं उर्दूत बरं का, हाडांची नावंबी उर्दूत. आधी त्याला डाक्टरकीतच जायचं होतं, खोटं कशाला बोलू. म्याच मोडता घातला. मुडदे फाडावं लागतात म्हणं. गळ्यात लिंग आन हात मुडद्यात? तर म्हणतो कसा, अव्वा, तेवढ्यापुरतं लिंग काढून ठिवतो. म्हटलं, पाय मोडीन. आमच्यात तान्ह्या बाळाला बांधतात ते, जिवात जीव हाय तवर उतरत न्हाय. मग गेला इंजनेरीत — म्हंजे दीरबी खोटं बोलले न्हाईत — तिथं पूल बांधायला शिकवतात. पाडायला कशाला शिकवतील? पाडायचं कोण म्हणालं? तुम्ही न्हाय म्हणालात... बरं, मीच म्हणाले. सोडा ते. तिथं जमलं न्हाय मग वकिलीच्या आधी रसायनात बसला — ह्या बाटलीतलं त्या बाटलीत वतायचं, रंग बदलतो, धूर निघतो. नुसता धूर! करोडगिरीचं, जकातीचं नाकं त्याच्यानं कसं जळंल? ते तर घासलेटानं जळलं. ... मला काय म्हाईत, आडावर बाया बोलत होत्या. कोण बाया? आता त्यांचीबी नावं इचारता का?

कालेजं वस पडलीत म्हणता? पोरं शिकणं सोडून निजाम सरकाराशी लढायला सोलापूरच्या अंगाला कँपात गेली? गेली असतील कुणाकुणाची. पलीकडं इंग्रज गेला, झेंडा बदलला, पोरांची डोकी फिरली. माझा तसला न्हाय. मागं घरी आला तवा त्या कँपाचा एक शबूद काढला न्हाय त्यानं — हैदराबादेहून आला वो, सोलापूरकडनं कशाला यील! शेंगाचटणी न भाकरी बांधून दिली, ह्या दारातनं गेला. मागं वळून बघितलं न्हाय.

खिशातनं काय काढताय?

ही... लिंगाची डबी हाय. चांदीची. असल्या आमच्या आळीत समद्यांच्या गळ्यात. कडंला चेपलीय ती दात येताना चावलीय त्यानं — कुणाच्याबी बाळानं, म्हणते मी, बाळं चावतातच. नका, हातात नका देऊ. शरणूची न्हाय ही. व्हय म्हटलं की मालकांना बेड्या, दुकानाला टाळं, एवढं कळतंय मला — पण त्या भ्यानं बोलत न्हाय मी, खरंच न्हाय त्याची. कुठं गावली? नाक्यापाशी? तुटून पडली का... का गळ्यातनं काढलीत? बोला की अमीनसाब. मघाधरनं मला इचारून इचारून बेजार केलं, आता दुधाकडं काय बघताय?

दूध निवलं तुमचं.

ऐका. ज्याचं कुणाचं पोरगं असंल, त्याला जाळू नका. आमच्यात — ज्याची ही डबी हाय त्यांच्यात — बसवून पुरतात. आडवं न्हाय, मांडी घालून. आन ह्यातलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठिवा. डाव्या. एवढं करा, तुम्हालाबी आई असंल. थांबा, तशी उघडत न्हाय ती, झाकण आधी दाबावं लागतं, मग फिरवायचं—

कशी उघडायची ते कुणी सांगितलं? कुणीबी न्हाय.

लिहा तुम्ही. माझं नाव इरम्मा लिहा. मालकांचं नाव म्या घेत न्हाय, ते तुम्हाला म्हाईत हाय. पोरगा शरणबसप्पा, कालेजात हाय. जिता हाय. काय शिकतोय? तुमच्या मनाला यील ते लिहा. आन जावा आता, मला दार लावायचंय.