करकोचीचा उजवा पाय

निनेल : फिल्म इथं थांबवलीय बघ. आता सांग, लंगडतोय तो पाय कुठला?

फाया : अगं, चष्मा तर लावू दे. एवढ्याशा फोनवर मला माणूस ओळखू येत नाही, तिथं करकोची काय दिसणार! नऊ वर्षांनी उगवलीस निन्का, आधी चहा घे.

निनेल : घेते, फाया मावशी. आधी पाय.

फाया : ...उजवा.

निनेल : आणि हा शेवट, बर्फातला?

फाया : डावा.

निनेल : एका विद्वानानं यावर चार पानं लिहिलीत. म्हणे, उजवा पाय म्हणजे गाव आणि डावा म्हणजे शहर.

फाया : मेला! त्याला कुणीतरी सोड्याच्या पाण्यात बुडवा. मुरंबा घे, जांभळा आहे तो. लाल आंबट झालाय.

निनेल : आई असती तर यंदा शंभरची झाली असती. म्हणून तिची ही कार्टून फिल्म नवी करताहेत. त्यांचं म्हणणं, पहिल्या चालीत दोन चित्रं कमी आहेत. कॉम्प्युटर ती भरेल, मग तिथलं लंगडणं जाईल. मुलगी म्हणून माझी सही हवीय. हा बघ कागद.

फाया : मग कर की सही. माझ्याकडे कशाला आलीस?

निनेल : आईच्या स्टुडिओतलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही म्हणून. मावशी, त्या पक्ष्याला आईनं माझा पाय दिला का? सात वर्षांची होते मी. पोलिओतून उठून नुकती चालायला लागले होते. फिल्म लागली आणि अख्खी शाळा मला करकोची म्हणायला लागली. आईला मी कधी विचारलं नाही. तीही कधी बोलली नाही.

फाया : बाई बोलायच्या नाहीतच. युद्धात ताश्कंदला कागद नव्हता, तर जुन्या नकाशांच्या पाठीवर अख्खी फिल्म काढली म्हणे. कुणी कौतुक केलं की म्हणायच्या, नकाशांची पाठ कोरी होती.

निनेल : मावशी, विषय बदलू नकोस.

फाया : बदलत नाहीये. धीर गोळा करतेय... ती दोन चित्रं मी धुतली.

निनेल : धुतली म्हणजे?

फाया : मी धुण्याच्या खोलीत होते ना. सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर चित्र रंगवायचं, त्याचा फोटो घ्यायचा, मग रंग धुऊन त्याच पत्र्यावर पुढचं चित्र. नवे पत्रे मिळायचेच कुठे तेव्हा! फोटो झालेल्या गठ्ठ्याला लाल दोरा, न झालेल्याला पांढरा. मी एकोणीस वर्षांची. त्या दिवशी भिंतीपलीकडे कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. गाणं ऐकत दोरा सोडला, वरचे दोन पत्रे पाण्यात घातले. रंग निघून गेला, आणि मग मांडीवर नजर गेली. दोरा पांढरा होता.

निनेल : करकोचीचा गठ्ठा?

फाया : तिच्या चालीचा. बारा चित्रांची चाल, तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. त्यातलं सातवं आणि आठवं गेलं. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. उरलेली दहा गुपचूप कॅमेऱ्याच्या खोलीत ठेवून आले. पडद्यावर आली तेव्हा बिचारी दर वेळी उजव्या पायावर अडखळत होती.

निनेल : म्हणजे... आईनं काढलंच नव्हतं ते.

फाया : नाही गं. माझा गाढवपणा. सत्तावन्न वर्षं पोटात ठेवलाय.

निनेल : आणि मी सत्तावन्न वर्षं तिच्यावर... बरं. मग प्रश्नच मिटला. चूक आहे, भरून टाकू देत. पेन आहे का?

फाया : थांब. पुढचं ऐकायचं नाही का? बाईंनी ते अकरा वेळा लावून बघितलं. मी दाराशी, वाटलं, आज नोकरी गेली. चित्रकार म्हणाले, दोनच पत्रे आहेत, तासाभरात रंगवून देतो. बाई म्हणाल्या, नको. बाकीचं चालणं मी स्वतः काढते.

निनेल : बाकीचं? बर्फातलंसुद्धा?

फाया : सगळं. सहा आठवडे. कुणाला हात लावू दिला नाही. नंतर फिल्म पास करणाऱ्या समितीतल्या एकानं विचारलं, पक्षी लंगडा कशासाठी, कॉम्रेड? बाई म्हणाल्या, पोचते ना ती? बस्स, एवढंच. पण पाय डावा का झाला, ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही म्हणायचो, बाई दमल्या, चुकल्या.

निनेल : मावशी, माझा डावा होता.

फाया : ...अगं बाई! मी तुला तेव्हा नेहमी फरच्या बुटात, बाईंच्या कडेवरच बघितलेलं. मोठी झालीस तेव्हा लंगडणं उरलंच नव्हतं.

निनेल : त्या हिवाळ्यात ती मला रोज घरातल्या बोळातून चालायला लावायची. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत. स्वतः मागून यायची, तशीच, एक पाय ओढत. आणि गुणगुणायची, "पाऊल ओलं, पाऊल कोरडं, तिसरं पाऊल वाऱ्याचं." मला वाटायचं, वेडावतेय. एकदा मी मागे वळून तिला चावले होते.

फाया : चावलीस?

निनेल : हाताला. रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, पुन्हा चाल.

फाया : अगं, त्यांची रीतच ती. कोल्हा काढायचा तर आठवडाभर जिन्यावरून कोल्ह्यासारख्या उतरायच्या. शेजारीण दार लावून घ्यायची. स्वतःच्या अंगानं चालून बघितल्याशिवाय त्यांनी एक रेघ मारली नाही.

निनेल : सहा आठवडे माझ्यासारखी चालली ती.

फाया : चहा निवतोय, निन्का. ...हे घे पेन. निळं आहे, चालेल? काय लिहितेयस एवढं? सहीच हवी होती ना?

निनेल : लिहितेय की कशालाही हात लावू नका. दोन्ही पाय आहेत तसेच राहू देत.

फाया : उजवापण? अगं, तो माझा गाढवपणा आहे. तेवढा तरी भरून टाकू दे.

निनेल : आईनं अकरा वेळा बघून ठेवला होता, मावशी.