एका जागी

नगरच्या स्टँडवर मी श्रीगोंद्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर गाठोडं घेतलेली एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी बोलत होत्या.

"तुज्या बापाला कमरेनं वाकवत न्हाई. ऊस तोडायला एकट्या बाईला मुकादम घेत न्हाई, सुवर्णा. दोघांची जोडी म्हंजी एक कोयता. म्हनून तुला न्यायला आले."

"माहितेय. भरली ना मी पिशवी."

"रुसलीस?"

"नाही. परवा वर्गात शिकवायची माझी पाळी होती, ते राहील."

"काय शिकवनार हुतीस? सांग, गाडीला येळ हाय."

"काही आकाशगंगांच्या मधोमध खादाड कृष्णविवर असतं. ते आजूबाजूचं ओढून खातं. खाताना एवढी धग सुटते, की भोवतीचा वायू तापून लांब उधळला जातो."

"मंग?"

"तारा व्हायला वायू गार होऊन एका जागी साचावा लागतो. तो साचतच नाही. मग नवे तारे होत नाहीत. जुनेच राहतात, म्हातारे होत."

बाईनं गाठोड्यावर डोकं टेकलं.

"आई, झोप लागली?"

"न्हाई. आपल्या वस्तीवरच्या तुज्याएवढ्या पोरी कुठं हायेत गं?"

"उसात. सगळ्या."

"आन कॉलेजात?"

"मी एकटी. ऊठ, गाडी लागली. पिशवी घेते."

"ऱ्हाऊ दे ती खाली. तुजी मावशी बी औंदा एकटीच हाय. आमी दोघी मिळून एक कोयता म्हनून उभ्या ऱ्हातो."

"दोन बायांना मुकादम घेईल?"

"ते मी बघते. तू हितंच एका जागी ऱ्हा. गार हो."