गुऱ्हाळाला दार नव्हतं

(सणसरच्या शिवारात गुऱ्हाळ चालवणाऱ्या चंद्राबाईंनी सांगितलं, तसं लिहून घेतलं.)

माझं माहेर वडगाव निंबाळकरचं. बाप माळवं करायचा, वांगी, मिरची, कांदा, आणि बारामतीच्या बाजाराला गाडी जायची तर खाली काय भरायचं, वर काय ठेवायचं, हे मी सांगायची, कारण बाप विसरभोळा आणि आई सदा आजारी. कांदा खाली, वांगी वर, मिरचीचं पोतं मागच्या अंगाला. तवापासनं ही खोड लागली. लिहायला येत न्हाय, पण डोक्यात सगळं ओळीनं लागलेलं असतं. तर मास्तर, मी ओळीनं सांगते, तुमी मधी विचारू नका, मधी विचारलं की ओळ मोडती.

लगीन होऊन हितं आले. कालव्याचं पाणी आलेलं, जिकडं बघाल तिकडं ऊस. आमचा धनी गुळव्या. गुळव्या म्हणजे काहिलीत रस उकळत असताना तो कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. काय सांगू तुम्हाला, उकळत्या रसातलं थेंबभर गार पाण्यात टाकायचं, दोन बोटांत धरून गोळी वळायची, आणि त्या गोळीवरनं सांगायचं, उतरवा. जरा आधी उतरवलं तर गूळ धरत न्हाय, जरा उशीर झाला तर करपतो. माणसाचं वरीसभराचं उसाचं पीक त्या दोन बोटांत असतं. धनी आधी दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर राबला, मग आमी आमच्या रानात आमचा ऊस पिळायचा चरक बसवला, आमची काहील, आमचं चुलवाण. गावाचा ऊस आमच्याकडं गाळायला यायला लागला. धनी काहिलीपाशी, बाकी सगळं माझ्याकडं. आज कुणाचा ऊस, बैल कुणाचे, जाळायला चिपाड वाळलंय का, रसाची मळी काढायला भेंडीचं पाणी केलं का, चुना हाय का. लोक चेष्टा करायचे, चंद्राबाई झोपंत पण पाळ्या लावती म्हणायचे. लावत असंन. गुऱ्हाळ काय आपोआप चालतं व्हय.

आता गुऱ्हाळाची रीत सांगते, ती कळल्याबिगर पुढचं कळायचं न्हाय. गुऱ्हाळाला दार नसतं. वाटंनं जाणारा येतो, त्याला या म्हणायचं, रस द्यायचा, गरम गूळ हातावर द्यायचा. नाव विचारायचं न्हाय, गाव विचारायचं न्हाय. चालू गुऱ्हाळावरनं कुणी कोरड्या तोंडानं जाऊ ने. आणि येणाऱ्याची रीत म्हणजे वहाणा लिंबाखाली काढायच्या. त्यात देवाचं जेवढं हाय त्याहून जास्त पायाचं हाय, कारण काहिलीच्या भवती रस सांडलेला, काकवी सांडलेली, चुना सांडलेला, जमीन अशी निसरडी की अनवाणी माणूस बोटं रोवून उभा राहतो, वहाण घातलेला घसरतो. हे कुणी कुणाला सांगत न्हाय. बारकं पोर पण लिंबाखाली वहाणा काढूनच आत येतं.

पोलिसांचा जमादारसुद्धा काढायचा. व्हय, ज्याच्यापायी पुढचं सगळं झालं, तोच जमादार. दर हंगामाला चक्कर मारायचा, बूट काढून बाजंवर बसायचा, काय चंद्राबाई, सरकारचा रस काढला का म्हणायचा, आणि मी म्हणायची, सरकारचं ते कालव्याचं पाणी, ते गोड लागतंय का बघा आधी. हसायचा. माणूस वाईट होता असं मी म्हणणार न्हाय.

ती चळवळीची सालं होती. भिगवणच्या अंगाचा कोण एक माणूस पोलिसांना पाहिजे होता, तो आदल्या दिवशी आमच्या गुऱ्हाळावर रस पिऊन गेला अशी कुणीतरी चुगली केली. प्याला असंल. आमी नाव विचारत न्हाय. तर सकाळच्या पारी, काहील ऐन उकळीला आलेली, आणि जमादार आला, संगं दोन शिपाई आणि आमच्या गावचे पोलीस पाटील आबा. आबा म्हणजे धन्याचे चुलत भाऊच. मी नेहमीसारखं म्हणलं, या जमादारसाहेब, बसा, रस घ्या. तो बसला न्हाय. बूट पण काढले न्हाईत. कुणाच्याच पायातलं निघालं न्हाय, फक्त आबांनी वहाणा काढल्या.

चिपाडाचा ढीग उपसला, खोपटात बघितलं, गुळाच्या ढेपा हलवल्या. मग जमादार म्हणाला, चुलवाणाच्या बोळात बघायचंय, विस्तव विझवा. बोळ म्हणजे राख ओढायची जागा. धनी म्हणाला, अहो जमादारसाहेब, जळत्या चुलीत माणूस लपतो का, एवढं आधण, हा काहिलीतला रस, उतरू द्या, मग चूल उकरून बघा, मी स्वतः कुदळ देतो. जमादार म्हणाला, तू मला शहाणपण शिकवतो का, आणि शिपायाला म्हणाला, वत पाणी. शिपाई घागर घेऊन काहिलीच्या कडेनं निघाला. नाल ठोकलेले बूट. दोन पावलं गेला आणि घसरला, आणि घसरताना त्यानं धन्याला धरलं. शिपाई बाहेरच्या अंगाला पडला. धन्याचा उजवा हात कोपरापर्यंत काहिलीत गेला.

मला रडू आलं न्हाय. लोकं अजून बोलतात, बाई दगडाची. मी आधी धन्याला ओढलं, मग गडी बोलावून काहील उतरवायला लावली, कारण गूळ दुसऱ्याचा होता, मग गाडी जुंपायला सांगितली, खाली गवत, वर गोधडी, हात उचलून बांधायला पागोटं. बारामतीच्या दवाखान्याला जाताना, इंदापूर रस्त्याच्या वळणाला, धनी म्हणाला, आधण धरलं का गं? मी म्हणलं, धरलं. धरलं नव्हतं.

हात राहिला, बोटं राहिली, पण चिकटून. त्यांना ऊन कळत न्हाय, गार कळत न्हाय.

दीर म्हणाले, पोलिसाशी वैर नको. आबा पण म्हणाले, वहिनी, सोडून दे. मी म्हणलं, वैर न्हाय करायचं, मला एवढंच विचारायचंय, जागा आमची, धंदा आमचा, तर तितं कुणी यावं आणि कसं यावं हे आमी ठरवायचं का दुसऱ्यानं? एवढं एक मला कळू द्या. मग बारामतीचा वकील धरला, अर्ज केला, आणि इंदापूरला मामलेदारासमोर चौकशी लागली.

पोलिसांचा वकील उभा राहिला. बाई, गुऱ्हाळाला दार हाय? न्हाय. कुंपण हाय? न्हाय. कुणीही येतं? येतं. या माणसाला तुमी या म्हणालात? म्हणलं. मग तुमीच आत घेतलं. मी म्हणलं, या म्हणलं ते पाहुण्याला, पाहुणा बूट काढून येतो. बूट काढा असं तुमी सांगितलं होतं का? ते सांगावं लागत न्हाय. सांगितलं होतं का एवढंच बोला. न्हाय. तो म्हणाला, मग उद्या वाघ आला तर त्याला पण या म्हणाल? मी म्हणलं, वाघ बूट घालून येत न्हाय, वकीलसाहेब. लोक हसले. मामलेदारांनी टेबलावर हात आपटला, पण हसू त्यांना पण आलं होतं.

मग आबांची साक्ष. मला वाटलं आबा फिरणार. आबा म्हणाले, रावसाहेब, दोन्ही खरं हाय, वहिनीनं या म्हणलं हे खरं, आणि हाच जमादार दर हंगामाला लिंबाखाली बूट काढून रस प्यायला, हे पण मी डोळ्यांनी बघितलंय. नोकरी सरकारची असून आबा एवढं बोलले. मामलेदारांनी जमादाराला विचारलं, खरं का? जमादार खाली बघून म्हणाला, व्हय, पण तवा मी रस प्यायला जायचो, त्या दिवशी सरकारी कामाला गेलो होतो. तर मी म्हणलं, रावसाहेब, आता तुमीच ऐका, तो पाहुणा नव्हता हे तोच म्हणतोय, मग माझं या त्याला लागू कसं?

मामलेदारांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, कळलं यांना.

निकाल असा. सरकारी कामाला आला असंल तर पोलिसाला या म्हणायची गरजच न्हाय, आरोपी आत हाय असा संशय असला की तो येऊ शकतो. आणि पाहुणा म्हणून आला असंल तर तुमीच बोलावलं. विस्तव विझवायला सांगितला ते मात्र अधिकाराच्या बाहेर, त्याबद्दल जमादाराला ताकीद. हात भाजला तो अपघात. म्हणजे मास्तर, या म्हणलं तरी आत, न म्हणलं तरी आत. मी दोनदा विचारून घेतलं, नीट समजून घ्यावं म्हणून. मामलेदारांनी दोनदा सांगितलं, रागावले न्हाईत.

जमादाराची बदली झाली. वकील म्हणाला, बाई, एक करा, कुंपण घाला, फाटक लावा, फाटक असलं म्हणजे पोलिसाला आधी उभं राहून मागावं लागतं, तेवढं तरी तुमच्या बाजूनं होतंय. मी बाभळीची काटी घातली, बांबूचं फाटक केलं. कोल्हापूरकडनं दुसरा गुळव्या आणला, चांगला हाय. धनी बाजंवर बसतो, काहिलीकडं पाठ करून. तुमी त्याला हाक मारू नका, तो बोलायचा न्हाय.

फाटक झाल्यापासनं लोक सरळ आत येत न्हाईत. आधी फाटकाशी थांबायचे, आता बरेच जण रस्त्यानंच पुढं जातात. नवा जमादार आला होता, भला दिसला, बाहेर उभं राहून म्हणाला, येऊ का बाई? आता विचारलं त्यानं. या म्हणायचं का न्हाय हे माझ्या हातात होतं. पण तो सबूद माझ्या तोंडातनं निघतच न्हाय. कुणासाठीच निघत न्हाय. मी कडी काढते आणि बाजूला होते.

मघाशी तुमाला पण मी नाव विचारलं, गाव विचारलं, उन्हात उभं केलं. मनात आणू नका. रस घ्या, गार झालाय. पोराबाळांत सुखी राहा.